परदेशी तातडीने निघालात आणि फ्लाइट लेट? या चुका टाळा

खेड-दापोलीपासून सावंतवाडीपर्यंत घरटी कोणीतरी बाहेर आहे. कोणी दुबईत, कोणी कुवेतला, कोणी लंडनला, कोणी बोटीवर. त्यामुळे अपरात्री फोन वाजतो आणि सकाळी निघायचं ठरतं, हे इथल्या घरांना नवीन नाही. मुलाला ॲडमिट केलंय, लेकीचे दिवस भरायच्या आधीच कळा सुरू झाल्यात, भाऊ गेला. अशा वेळी विमान लेट झालं की सगळा राग विमान कंपनीवर निघतो. तो रास्तही असतो. पण चार तासांच्या उशिराचे दोन दिवस होतात ते बहुतेकदा तिकीट काढताना आणि नंतर घाबरून घेतलेल्या निर्णयांमुळे. म्हणून इथे विमानापेक्षा आपल्याच घाईबद्दल जास्त बोलतो.

मिळेल ती पहिली फ्लाइट पकडली

फोन ठेवल्या ठेवल्या घरातला कॉलेजात जाणारा पोरगा मोबाइल घेऊन बसतो. मोपा (गोव्यातला विमानतळ) ते मुंबई एका कंपनीचं, मुंबई ते दुबई दुसऱ्या कंपनीचं, मध्ये अडीच तास. स्वस्तही पडतं आणि लवकरही पोचतं. बुक!

दोन वेगळ्या पीएनआरवर, म्हणजे बुकिंग नंबरांवर, काढलेली तिकिटं म्हणजे दोन वेगळे व्यवहार. पहिलं विमान लेट झाल्यामुळे दुसरं चुकलं, तर दुसऱ्या कंपनीच्या लेखी तुम्ही वेळेवर आला नाहीत, एवढंच. मग नवीन तिकीट, तेही त्या दिवसाच्या भावाने. तोच प्रवास एका पीएनआरवर असता तर पुढच्या विमानात जागा करून देणं ही कंपनीची जबाबदारी झाली असती. तातडीच्या प्रवासात मी तरी दोन-चार हजार जास्त मोजून एकच तिकीट घेईन. तासभर उशिरा पोचणारं असलं तरी चालेल.

पर्यायच नसेल, तर मधला वेळ हिशेबाने ठेवा. मुंबईत काही देशांतर्गत विमानं सांताक्रूझच्या बाजूच्या टर्मिनल १ ला उतरतात आणि परदेशी विमान सहारच्या टर्मिनल २ वरून सुटतं. बॅग पट्ट्यावरून घ्यायची, रस्त्याने पलीकडे जायचं, पुन्हा चेक-इन करायचं, आणि परदेशी फ्लाइटचा काउंटर साधारण तासभर आधी बंद होतो. सहा तासांपेक्षा कमी अंतर ठेवू नका. पावसाळ्यात तर आदल्या रात्रीच मुंबईत पोचा.

आता यात नवी भर पडली आहे. २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईचा विमानतळ सुरू झाला. 'मुंबई' म्हणून शोधलं की बऱ्याच ॲपवर दोन्ही विमानतळांच्या फ्लाइट एकाच यादीत येतात. एक उलव्याला, म्हणजे नवी मुंबईला, उतरणारी आणि पुढची सहारवरून सुटणारी, अशी जोडी घाईत सहज बुक होते. तिकिटावर 'बीओएम' (मुंबई) आहे की 'एनएमआय' (नवी मुंबई) ते वाचा. गोव्यातही तोच घोळ. मोपा वेगळं, दाबोळी वेगळं, आणि टॅक्सीवाल्याला नुसतं 'गोवा एअरपोर्ट' सांगून भागत नाही.

डिसेंबर-जानेवारीत दिल्लीमार्गे जाणारं तिकीट मिळत असेल तर धुक्याचा विचार करून मगच हो म्हणा.

एक टप्पा परस्पर सोडून दिला

ही सगळ्यात महाग पडणारी चूक, आणि ती शहाणी माणसं करतात.

राजापूरकडच्या एका ओळखीच्या गृहस्थांचं तिकीट मोपा-मुंबई-मस्कत असं एकाच पीएनआरवर होतं. मुलगा तिथे हॉस्पिटलात. मोपाचं विमान संध्याकाळी, मस्कतचं दुसऱ्या दिवशी पहाटे. दुपारी मेसेज आला की मोपाचं विमान चार तास लेट. शेजारीपाजारी म्हणाले, विमानाचा काय भरवसा, गाडी काढा. गाडी काढली, रात्रभर हायवे कापून पहाटे टी टू गाठलं. काउंटरवरच्या मुलीने पासपोर्ट पाहिला, स्क्रीनकडे पाहिलं, पुन्हा पासपोर्ट पाहिला. तिकीट रद्द झालं होतं. मोपाच्या विमानात तुम्ही बसला नाहीत, म्हणजे नो-शो, आणि पहिल्या टप्प्याला नो-शो लागला की पुढचे सगळे टप्पे सिस्टीम आपोआप काढून टाकते. परतीचासुद्धा. ते लेट झालेलं विमान दरम्यान मध्यरात्रीच्या आत मुंबईत उतरलंही होतं.

पहिला टप्पा सोडून थेट मुंबईहून बसायचं असेल तर ते करता येतं, फक्त मोपाचं विमान सुटायच्या आत कंपनीला कळवून तिकीट बदलून घ्यावं लागतं. उशीर त्यांच्याकडून झालेला असेल तर पुष्कळदा जादा पैसे न घेता बदलून देतात. पण नवीन तिकीट मेलवर आल्याशिवाय, त्यात मुंबईपासूनचाच प्रवास दिसल्याशिवाय घर सोडू नका. 'साहेब बोलले आहेत, होईल' यावर विसंबून आठ-नऊ तासांचा रस्ता तुडवू नये.

बुकिंगमध्ये एजंटचा नंबर

चिपळूण-रत्नागिरीत अजूनही बरीच तिकिटं ओळखीच्या एजंटकडून निघतात, आणि त्यात गैर काही नाही. अडीअडचणीला तोच धावून येतो. पण बुकिंगमध्ये मोबाइल नंबर त्याचा जातो. फ्लाइट लेट झाल्याचा मेसेज रात्री दोन वाजता त्याच्या उशाशी वाजतो आणि तुम्ही इकडे बॅगा बांधत असता.

यात पैशांचाही मुद्दा आहे. डीजीसीएच्या (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या) नियमांप्रमाणे बुकिंगच्या वेळी संपर्काचा पुरेसा तपशील दिलेला नसेल, तर फ्लाइट रद्द झाल्याची भरपाई देणं कंपनीला बंधनकारक नाही. तिकीट हातात आलं की पीएनआर टाकून वेबसाइटवर स्वतःचा नंबर आणि मेल घाला. शक्य असेल तर तिकडच्या नातेवाइकाचाही नंबर द्या.

कोकणातला रस्ता हिशेबात धरला नाही

विमानाला दोन तास उशीर झाला म्हणून माणूस हळहळतो, आणि वशिष्ठीच्या पुलाअलीकडे तीन तास उभा राहतो. रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक लागलं की गाड्या मुद्दाम सावकाश चालवतात. २०२५ मध्ये ते १५ जून ते २० ऑक्टोबर असं होतं. त्या काळात खेड, रत्नागिरी, कणकवलीला थांबणारी वंदे भारतही आठवड्यातून तीनच दिवस धावते. २२ जुलै २०२१ च्या चिपळूणच्या पुरात रस्ता आणि रेल्वे दोन्ही तुटले. जुलै २०२४ मध्ये दिवाणखवटीजवळ रुळांवर दरड आली आणि गाड्या जागच्या जागी थांबल्या.

म्हणून पावसाळ्यात कोकणकन्येने पहाटे दादरला उतरून सकाळची फ्लाइट पकडू, हा बेत नको. आदल्या दिवशीची गाडी घ्या. दादरहून टी टू ला जायला आता भुयारी मेट्रो आहे. फ्लाइट नवी मुंबईची असेल तर पनवेललाच उतरा. गौरी-गणपती विसर्जनानंतरचे दोन-तीन दिवस चाकरमानी परत फिरतात, तेव्हा हायवेने जायचं तर एरवीच्या वेळेत निम्म्याने भर घाला. बांदा-सावंतवाडीकडच्यांना मोपा अगदी हाताशी आहे, आणि तिथून आखातात थेट फ्लाइट मिळत असेल तर मुंबईचा विचारही करू नका.

लेट आहे म्हणून आरामात गेलो

फ्लाइट तीन तास लेट असा मेसेज आला तरी काउंटर तीन तास उशिरा बंद होईलच असं नाही. पुष्कळदा तो मूळ वेळेप्रमाणेच बंद होतो. शिवाय लेट झालेली वेळ पुन्हा अलीकडेही येते. दुसरं विमान मोकळं झालं की कंपनी ते लावून मोकळी होते. मूळ वेळेप्रमाणेच पोचा, बॅगा द्या, मग आत बसून काय वैतागायचं ते वैतागा.

उशीर खरा किती, हे काउंटरवर विचारण्यापेक्षा फ्लाइटरडारसारख्या ॲपवर पाहा. तुमचं विमान आत्ता कुठून येतंय ते तिथे दिसतं. ते अजून मस्कतहून उडालंच नसेल आणि इकडे बोर्डावर 'एक तास उशीर' असेल, तर काय समजायचं ते समजा.

सोबत म्हातारी माणसं असतील आणि व्हीलचेअर घेतली असेल, तर गेट बदललं का यावर घरच्यांनीच नजर ठेवावी. व्हीलचेअर ढकलणारा मुलगा एका गेटपाशी सोडून दुसऱ्या प्रवाशाकडे जातो, आणि आजी तिथेच बसून राहतात. औषधं, इन्सुलिन, डॉक्टरची चिठ्ठी हातातल्या बॅगेत ठेवा. चेक-इन झालेली बॅग उशीर झाला म्हणून परत हातात येत नाही. (सुकटीचं पुडकं मात्र या खेपेला राहू द्या. दहा तास लाउंजमध्ये त्याच्यासोबत काढलेल्यांना विचारा. आणि सुकं खोबरं चेक-इन बॅगेत चालत नाही.)

काउंटरवर भांडलो, पण मागितलं काहीच नाही

'माझी आई सीरियस आहे' हे सांगायला हवंच, पण त्यापुढे नेमकं काय हवं ते सांगा: आजची दुसरी कुठली फ्लाइट, कोणत्या मार्गाने, दुसऱ्या कंपनीच्या विमानात बसवता का. पर्याय तुम्हीच मोबाइलवर शोधून फ्लाइट नंबरासकट पुढे केलात तर काम लवकर होतं. रांगेत उभं राहून त्याच वेळी घरच्या कोणाला तरी कॉल सेंटरला फोन लावायला सांगा. कोण आधी पोचेल सांगता येत नाही.

मार्ग बदलून दिला तर हो म्हणण्याआधी ट्रान्झिट व्हिसाचं पाहा. भारतीय पासपोर्टवर लंडनला नुसतं विमान बदलायलाही व्हिसा लागतो. अमेरिका-कॅनडाचा चालू व्हिसा असणाऱ्यांसारखे काही अपवाद आहेत. अमेरिकेत तर व्हिसाशिवाय विमान बदलताच येत नाही. टोरांटोच्या लेकीकडे निघालेल्या आईबापांना आखाताऐवजी न्यूयॉर्कमार्गे पाठवतो म्हणाले, तर त्या सोयीचा काही उपयोग नाही.

भारतातून सुटणाऱ्या विमानांबद्दल डीजीसीएचा नियम असा: उड्डाण अडीच ते पाच तासांचं असेल, म्हणजे मुंबई-दुबईसारखं, तर तीन तासांच्या उशिरापासून खाणंपिणं मिळतं. त्याहून लांबच्या फ्लाइटला चार तासांपासून. देशांतर्गत फ्लाइटला सहा तासांहून जास्त उशीर होणार असेल तर दुसरी फ्लाइट किंवा पूर्ण पैसे परत, हा पर्याय तुमचा. उशीर २४ तासांवर गेला, किंवा रात्री आठ ते पहाटे तीनच्या दरम्यान सुटणारी फ्लाइट सहा तासांहून जास्त लेट झाली, तर हॉटेल. आखाताची बरीच विमानं नेमकी याच वेळेत सुटतात, म्हणून हे लक्षात ठेवा. फ्लाइट हवामानामुळे किंवा हवाई हद्द बंद झाल्यामुळे रद्द झाली असेल तर पैशांची भरपाई मिळत नाही.

ब्रिटिश कंपनीच्या विमानाने लंडनला निघाला असाल तर तिकडचा कायदाही लागू होतो. चूक कंपनीची असेल आणि पोचायला चार तासांहून जास्त उशीर झाला, तर माणशी ५२० पौंड. युरोपियन युनियनच्या कंपन्यांचा नियमही याच वळणाचा आहे. हे कोणी आपणहून देत नाही, मागावं लागतं.

पोचायची वेळ सगळ्यांना सांगून टाकली

विमान सुटायच्या आधीच फॅमिली ग्रुपवर 'उद्या सकाळी नऊला पोचतोय' असं टाकलं जातं. मग तिकडे कोणी सुट्टी टाकतो, कोणी ऑपरेशनची सही थांबवून ठेवतो. प्रसंग मयताचा असेल तर प्रश्न आणखी अवघड. दफन असो की दहन, 'तो येईपर्यंत थांबू' असं म्हणणाऱ्यांना किती थांबायचं ते कोणीतरी सांगावं लागतं. ते एका माणसावर सोपवा, आणि तो माणूस तिकडचा असावा, प्रवासातला नसावा. निघतानाच त्याला स्पष्ट सांगा: अमुक वेळेपर्यंत मी दुसऱ्या विमानात बसलो नाही तर माझ्यासाठी थांबू नका. हे बोलायला जड जातं. पण विमानतळावरच्या खुर्चीत, बॅटरी संपत आलेली असताना ते आणखी जड जातं.

हॉस्पिटलच्या सहीचंही तसंच. तिकडे जो जवळचा आहे त्याला सहीचा अधिकार देणारा मेल निघण्याआधीच पाठवता येतो का, ते हॉस्पिटलला विचारून घ्या.

कागद फेकून दिले

पोचल्यावर या सगळ्याकडे लक्ष जात नाही, आणि जाऊही नये. फक्त बोर्डिंग पास, बॅगेचे टॅग, जेवणाची-टॅक्सीची बिलं एका पाकिटात टाकून ठेवा, आणि विमानतळ सोडण्याआधी कंपनीकडून उशिराचं लेखी पत्र मागा. प्रवास विमा घेतला असेल तर त्या पत्राशिवाय दावा अडतो. कंपनीने दाद दिली नाही तर नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या 'एअरसेवा' पोर्टलवर तक्रार करता येते. तिथे पीएनआर, तारीख आणि कंपनीला आधी पाठवलेला मेल लागतो. म्हणून पहिली तक्रार फोनवर न करता मेलनेच करा.