तेलाच्या लॅबमध्ये येताय? आधी अठरा कार्बनची साखळी काढा

रसायनशास्त्रात बीएस्सी करून तेलाच्या तपासणीत येणारी मुलं मेदाम्लांची यादी पाठ करून येतात. यादी राहू द्या. वहीत अठरा कार्बनची साखळी काढा, सुरुवात तिथून करू.

सगळे बंध एकेरी असले की ते स्टिअरिक आम्ल, म्हणजे संपृक्त. साखळ्या सरळ, त्यामुळे एकमेकींना चिकटून बसतात. वितळायला सुमारे ६९ अंश सेल्सिअस लागतात. आता नवव्या आणि दहाव्या कार्बनमध्ये दुहेरी बंध टाका, दोन्ही हायड्रोजन एकाच बाजूला. हे ओलिइक. साखळी मध्येच वाकते, रेणूंची रचना सैल होते आणि वितळणबिंदू थेट १३ च्या आसपास उतरतो. आणखी एक दुहेरी बंध आला की लिनोलिइक, उणे ५. इतकी वर्षं शिकवतेय, तरी दोन हायड्रोजन गेल्यावर पडणारा हा फरक मला विलक्षण वाटतो.

ओलिइकचेच हायड्रोजन समोरासमोरच्या बाजूंना काढून बघा. सूत्र तेच, पण साखळी जवळपास सरळ आणि वितळणबिंदू ४५ च्या घरात. हे ट्रान्स रूप. वनस्पती तुपासाठी निकेल उत्प्रेरकावर तेलाचं अर्धवट हायड्रोजनीकरण (दुहेरी बंधांवर हायड्रोजन जोडणं) करताना ते तयार होतं. २०२२ पासून आपल्याकडे तेला-तुपात त्याला २ टक्क्यांची मर्यादा आहे.

खोबरेल मात्र कोड्यात टाकतं. सुमारे नव्वद टक्के संपृक्त, तरी २५ अंशांच्या आसपास पातळ! त्यात निम्म्याच्या आसपास बारा कार्बनचं लॉरिक आम्ल, शिवाय आठ-दहा कार्बनच्या आखूड साखळ्या. म्हणून दुहेरी बंधांइतकीच लांबीही बघायची.

हे कळलं की आयोडीन व्हॅल्यू, म्हणजे १०० ग्रॅम तेल किती ग्रॅम आयोडीन घेतं तो आकडा, समजते. या चाचणीत तेलात घालतात त्या विज सोल्यूशनमधलं आयोडीन मोनोक्लोराइड दुहेरी बंधांवर जाऊन बसतं. उरलेलं आपण थायोसल्फेटने टायट्रेशन करून, म्हणजे थेंबाथेंबाने घालून, मोजतो. रंग फिकट पिवळा झाल्यावरच स्टार्च घाला, आणि ब्लँक (तेलाशिवाय केलेली तीच चाचणी) कधीही टाळू नका, कारण उत्तर त्या दोन रीडिंगांच्या फरकातूनच निघतं. खोबरेल साधारण दहाच्या आत, शेंगदाणा ८५ ते ९९, करडई १३५ च्या वर. म्हणून करडईचं वजन खोबरेलापेक्षा बरंच कमी घ्यायचं. तेल आणि सोल्यूशन घालून अंधारात ठेवलेल्या फ्लास्कचा रंग उडालेला दिसला, म्हणजे उरलेलं काहीच नसलं, तर टायट्रेशन करत बसू नका. कमी तेल घेऊन पुन्हा लावा.