मृग लागायच्या आधी एकदा ड्रोननं वरून रान बघा, चर कुठं बुजलाय ते कळंल

पुढचं काही वाचलं नाही तरी चालंल, एवढं करा. शेताचा चर मे महिन्यातच उघडा. सोयाबीन असू दे, बटाटा असू दे, ऊस-भात काहीही असू दे, आपल्या बेळगाव, खानापूर, हुक्केरी, चिकोडी, निपाणी पट्ट्यात रोगानं गेलेल्या पिकापेक्षा साचलेल्या पाण्यानं गेलेलं पीक मी जास्त बघितलंय, आणि ते पाणी पाऊस जास्त पडला म्हणून साचत नाही, बाहेर जायची वाट बुजलेली असते म्हणून साचतं. खोडव्याचं पाचट वाहून येऊन चरात बसतं, ट्रॅक्टर जायला पाहिजे म्हणून कुणीतरी मुरूम टाकतो आणि खाली पाइप घालत नाही, नांगरट करताना चराची कड ढासळते, शेजारचा बांध सरकतो. दरवर्षी थोडं थोडं होतं म्हणून कुणाच्या डोळ्यावर येत नाही. मग जुलैत तरणा पाऊस लागला की आठ-आठ दिवस पाणी उभं, पान पिवळं, आणि आपण औषधाच्या दुकानात.

आता ड्रोनचं. लग्नाचं शूटिंग करणारी पोरं हल्ली बऱ्याच गावात आहेत, त्यांच्याकडं छोटा कॅमेऱ्याचा ड्रोन असतो. फवारणीचा मोठा ड्रोन वेगळा, मी त्याबद्दल बोलत नाही. हा छोटा ड्रोन शेतकऱ्याला सगळ्यात जास्त एका वेळेला उपयोगी पडतो असं माझं मत आहे, ते म्हणजे वळीव पडून गेल्यावर आणि पेरणीच्या आधी. बांधावर उभं राहून बघितलं तर रान सपाटच दिसतं, वीस सेंटिमीटरचा खळगा एकरभर रानात डोळ्याला कळत नाही. वरून कळतो, पण दिवस बरोबर निवडला तर.

चांगला दणकून वळीव झाला की लाल मातीत, म्हणजे खानापूर आणि बेळगावच्या पश्चिमेकडच्या रानात, दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर उडवा, कारण ती माती दहा-अकरापर्यंत वरून सुकते आणि ओला डाग पुसला जातो. काळ्या रानात दुसऱ्या दिवशी सगळंच काळं दिसतं, तिथं तिसऱ्या दिवशी उडवा, तोवर जे डाग ओले राहिले तेच खरे. हे कुठल्या पुस्तकात नाही, बघून बघून बसलेला अंदाज आहे. उंची ६० ते ८० मीटर, कॅमेरा सरळ खाली. डबक्याचं पाणी चकाकतं, मुरलेला ओलावा गडद दिसतो. तो फोटो मोबाईलवर घेऊन लगेच रानात चालत जा आणि ओल्या डागाच्या कडेनं चुना टाका. तिथनं नाल्यापर्यंत किंवा मोरीपर्यंत पाण्याची वाट कुठं अडली ते त्याच फोटोत शोधा. बऱ्याचदा अडलेली जागा डागापासनं लांब असते, खालच्या दोन रानांच्या पलीकडं, रस्त्याच्या मोरीत. आपल्याच रानात चर खणत बसलं तर काही होत नाही, पाणी खाली जाऊन परत तुंबतं. म्हणून एकट्याचं रान उडवू नका, वरचे-खालचे पाच-सहा जण मिळून पूर्ण उताराचा फोटो काढा आणि सगळे एकत्र बसून बघा. बांधावरची भांडणं मी लहानपणापासनं ऐकतोय, पण सगळ्यांचं रान एका फोटोत दिसलं की बोलणं निम्मं कमी होतं, कुणाच्या टाकलेल्या मुरुमानं काय झालंय ते कुणी सांगावं लागत नाही.

सर्वे नंबर कुठला ते बघायला सरकारचं दिशांक ॲप आहे, ते फोटोशेजारी उघडून ठेवा. गावनकाशात जुना ओढा दाखवलेला असतो आणि प्रत्यक्षात तिथं ऊस उभा असतो, हे आपल्याकडं नवीन नाही. पण ड्रोनचा फोटो म्हणजे हद्द नव्हे. हद्दीचा वाद असंल तर सरकारी मोजणीच पाहिजे, ड्रोनवाला काहीही सांगू दे. आणि काही जण म्हणतात सरकारनं ड्रोननं गावं मोजलीत, मग आपल्या शेताचा नकाशा असणारच. ती २०२० ची स्वामित्व योजना. चुन्याच्या पांढऱ्या रेघा मारून जे मोजलं ते गावठाणातली घरं आणि जागा. शेताचा उतार त्यात नाही.

आता पॅकेजवाल्यांकडं येतो. कोल्हापूर-गडहिंग्लजकडनं किंवा हुबळीकडनं लोक येतात आणि एकरी दर लावून थ्रीडी नकाशा देतो, उतार दाखवतो, लेव्हलिंग करून घ्या म्हणतात. नकाशा खोटा नसतो, पण एक गोष्ट ते सांगत नाहीत. साध्या ड्रोनमधला जीपीएस उंचीच्या बाबतीत मीटरच्या हिशोबात चुकू शकतो, आणि आपल्याला शोधायचाय तो फरक शंभर मीटरला वीस सेंटिमीटरचा. जमिनीवर मोजलेल्या खुणा न ठेवता नुसते सरळ खालचे फोटो जोडले तर सॉफ्टवेअरमध्ये सपाट रान उलट्या घमेल्यासारखं मधे फुगतं किंवा खाली बसतं, आणि मग नकाशा बघून माणूस नको तिथं जेसीबी लावतो. चांगल्या रानाची वरची सुपीक माती ओढून खड्ड्यात घातलेली आणि नंतर तीन हंगाम तिथं पीक न आलेलं मी बघितलंय. म्हणून नकाशा करायचाच असंल तर ड्रोनवाल्याला हे विचारा:

- जमिनीवर खुणा किती ठेवणार? चार कोपरे आणि मधे एक, पाच तरी पाहिजेत, आणि त्यांची उंची मोजलेली पाहिजे
- फोटो एकावर एक किती चढणार? पुढं-मागं ७५ ते ८० टक्के, बाजूला ६५ ते ७० टक्के
- तिरके फोटोपण घेणार का? त्यानं फुगवटा कमी होतो
- कुळव फिरवून ढेकळं फोडलेली पाहिजेत, पाचट गोळा केलेलं पाहिजे
- नकाशाचे फोटो ऊन डोक्यावर असताना, वारा कमी असताना घ्यायचे
- मूळ फोटो सगळे आपल्याला द्यायचे, नुसती रंगीत पीडीएफ नको

मूळ फोटो हातात असले तर ओपनड्रोनमॅप आणि क्यूजीआयएस ही सॉफ्टवेअर फुकट आहेत, कॉलेजात शिकणारं कुणाचं पोरगं असंल तर ते बसून जोडून देईल. आणि नकाशा कुणीही करू दे, जेसीबी बोलवायच्या आधी गवंड्याची पाण्याची नळी घेऊन दोन टोकं तपासा. नळीतलं पाणी खोटं बोलत नाही. नकाशा एक सांगतो आणि नळी दुसरं, तर नळीचं ऐका.

उभ्या पिकात उताराचा नकाशा करतो म्हणणाऱ्याला सरळ नाही म्हणा. फोटोत पिकाचा शेंडा येतो, जमीन येत नाही. जुलैत उसाच्या रानाचा उतार फोटोतनं निघत नाही. म्हणून तर मेच्या मागं लागलोय.

दुसरं पॅकेज पिकाच्या तब्येतीचं, हिरवा-पिवळा-लाल रंगाचा रिपोर्ट. एनडीव्हीआय म्हणतात त्याला, त्याला डोळ्याला न दिसणारा प्रकाश टिपणारा वेगळा कॅमेरा लागतो, लग्नाच्या ड्रोनच्या कॅमेऱ्यातनं खरा एनडीव्हीआय निघत नाही. आणि खऱ्या कॅमेऱ्यानं काढला तरी तो एवढंच सांगतो की इथं पीक कमजोर आहे. का कमजोर आहे ते सांगत नाही. ते सांगतो दुकानदार, आणि तो सांगतो तेव्हा टॉनिकची बाटली समोर असते. लाल डाग दिसला की मायक्रोन्यूट्रियंट, ह्युमिक, अजून काहीतरी, पाच-सहा बाटल्यांचं बिल. त्यातल्या किती डागात नुसतं पाणी साचलेलं होतं ते रानात जाऊन कुणी बघत नाही. तुम्ही बघा. डागातलं झाड उपटा. मूळ पांढरं असंल तर पुढचा विचार करा. मूळ तपकिरी, मऊ, वास येणारं असंल तर बाटली राहू दे, कुदळ घ्या. सोयाबीनच्या मुळावरची गाठ नखानं फोडा, आत गुलाबी असंल तर काम करतीय, राखाडी-हिरवी असंल तर मुळाला हवा मिळंना.

पाणी काढून वाफसा आल्यावर २ टक्के युरियाची फवारणी, म्हणजे लिटरला २० ग्रॅम, हे शिफारशीत आहे, स्वस्त आहे आणि सोयाबीन सावरतं. पण पाणी उभं असताना युरिया मारून उपयोग नाही, मूळच गुदमरलेलं असतं. आधी चर, मग युरिया.

बटाट्याला तर दुसरी संधीच नाही. कडोली, काकती, उचगाव, बेळगुंदीकडं खरिपात बटाटा लावतात, महागाचं बियाणं जमिनीत घालतात आणि सरीचं तोंड बांधात बंद ठेवतात. दोन दिवस पाणी उभं राहिलं तर बियाणं जमिनीतच कुजतं. सरीचं तोंड खालच्या चरात उघडं पाहिजे, लावणीच्या दिवशीच, पाऊस लागल्यावर नाही.

येळ्ळूर, वडगाव, शहापूरच्या भाताच्या शिवाराचं दुखणं वेगळं आहे. तिथं बळ्ळारी नाला गाळानं आणि जलपर्णीनं भरतो, नाल्याचं पाणी वर चढलं की शेतातला चर उलटा वाहतो आणि भात पाण्याखाली जातं. तिथं एकट्या शेतकऱ्याचा चर पुरत नाही. मे महिन्यातच नाल्याचे वरून तारखेसकट फोटो काढून, गाळ कुठं आणि जलपर्णी कुठं ते दाखवून, सगळ्यांच्या सह्यांनी अर्ज द्या. दरवर्षी तोंडी सांगून झालंय, फोटो लावलेला अर्ज बाजूला सारणं अवघड जातं.

नियमाचं थोडक्यात. २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणं २५० ग्रॅमपर्यंतचा ड्रोन नॅनो, त्याच्या वर २ किलोपर्यंतचा मायक्रो. नॅनोला आणि धंद्यासाठी न वापरलेल्या मायक्रोला पायलट सर्टिफिकेट लागत नाही, पण ड्रोनची नोंदणी असावी लागते. पैसे घेऊन मायक्रो उडवणाऱ्याकडं सर्टिफिकेट मागा. ग्रीन झोनमध्ये, म्हणजे परवानगी न घेता उडवता येतं त्या भागात, १२० मीटरपर्यंतच. आणि आपल्याकडं सांबऱ्याला विमानतळ आणि हवाई दलाचं केंद्र, बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर आणि कॅम्प, म्हणून सांबरा, मुतगा, निलजी, बाळेकुंद्री, मारिहाळ त्या बाजूला आणि कॅम्पच्या आसपास सरकारी झोनचा नकाशा बघितल्याशिवाय ड्रोन वर घ्यायचाच नाही. तिथल्या लोकांनी पाऊस पडल्यावर बांधावरनं चालत चुना टाकावा, तेवढंही पुरतं.

उडवताना: दुपारनंतर वळिवाचं आभाळ भरलं की खाली घ्या, हे ड्रोन पावसात टिकत नाहीत. घार मागं लागते. विजेची तार वरून दिसत नाही. शेजाऱ्याच्या अंगणावर कॅमेरा नको.

मृगापर्यंतची बाकीची कामं, सगळ्यांना माहीत असलेली:

- चर दोन-अडीच फूट खोल, काळ्या रानात जास्त, माती वरच्या अंगाला टाकू नका
- रस्त्याखाली मुरुमाच्या जागी पाइप
- सोयाबीन ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्यावरच, ३० सेंटिमीटरवर ओळी, दर चार ओळींनंतर एक सरी
- बियाण्याला रायझोबियम आणि पीएसबी (स्फुरद विरघळवणारे जिवाणू) लावून पेरणी
- तांबेऱ्याचं रान असंल तर धारवाड विद्यापीठाचं डीएसबी २१ हे सोयाबीनचं वाण. तांबेरा दिसलाच तर हेक्साकोनॅझोल ५ टक्के लिटरला १ मिली
- बटाट्याच्या करप्याला मँकोझेब लिटरला अडीच ग्रॅम, पाऊस उघडल्यावर
- उसाच्या खोडव्यात पाचट सरीत दाबा, चराच्या तोंडाशी ढीग नको

चर उघडल्यावर परत एकदा वरून फोटो काढून ठेवा, पेरणी झाल्यावर अजून एक. २०१९ च्या ऑगस्टात आणि २०२१ च्या जुलैत पूर आला तेव्हा पीक होतं का, कुठपर्यंत होतं, हे पंचनाम्याच्या वेळी तोंडानं सांगावं लागलं, कारण आधीचा फोटो कुणाकडंच नव्हता. पीक पाण्याखाली गेल्यावर गाळच दिसतो. तारीख आणि जागा फोटोत येईल अशी सेटिंग ठेवा, फोटो दुसऱ्या कुणाच्या तरी मोबाईलवरपण पाठवून ठेवा, सरकारच्या पीक पाहणी ॲपवर स्वतःचं पीक वेळेत भरा. विमा असंल तर पाणी साचल्याचं ७२ तासांच्या आत कळवावं लागतं, आणि साचलेल्या पाण्याची भरपाई सगळ्या पिकांना लागू नसते, म्हणून आपल्या पिकाला लागू आहे का ते पेरणीच्या आधीच रैत संपर्क केंद्रात जाऊन विचारा आणि हप्ता भरल्याची पावती फोटोबरोबर एकाच ठिकाणी ठेवा.