ब्रँडेड डेस्कटॉपमध्ये ग्राफिक्स कार्ड टाकायचंय? आधी एसएमपीएस बघा

ऑफिसांतून निघालेले ब्रँडेड डेस्कटॉप मुंबईत लॅमिंग्टन रोडवर आणि ऑनलाइनही रिफर्बिश्ड म्हणून स्वस्तात मिळतात. डेलचा ऑप्टिप्लेक्स ९०२० मिनी टॉवर त्यातलाच. चौथ्या पिढीचा आय५ प्रोसेसर असतो, एक ग्राफिक्स कार्ड टाकलं की गेमिंगही होईल आणि व्हिडिओ एडिटिंगही, असं वाटतं. होतंही. पण बहुतेक जण कार्ड आधी घेतात आणि कॅबिनेट उघडून एसएमपीएस, म्हणजे पीसीला वीज पुरवणारा डबा, नंतर बघतात. हा क्रम उलटा करा.

१. लेबल वाचा

पीसी बंद करून प्लग काढा, पॉवर बटण दहा सेकंद दाबून धरा आणि कॅबिनेटचं झाकण उघडा. एसएमपीएसवरच्या लेबलमध्ये मोठ्या अक्षरांतल्या वॅटपेक्षा १२ व्होल्टची ओळ महत्त्वाची, कारण प्रोसेसर आणि कार्ड दोघंही मुख्यतः तिच्यावरच जगतात. तिथले अँपिअर गुणिले १२ करा. '४५० वॅट' लिहिलेल्या डब्यावर १२ व्होल्टसमोर १८ अँपिअर असतील, तर तुमच्या कामाचे २१६ वॅटच.

२. बेरीज करा

९०२० टॉवरमध्ये सहसा २९० वॅटचा एसएमपीएस असतो. आय५-४५९० चे ८४ वॅट, मदरबोर्ड, रॅम, डिस्क, पंखे मिळून ४०-५०, आणि कार्डाचे ७५ धरले तर २०० ते २१० होतात. बसतंय. एकूण क्षमतेच्या तीन चतुर्थांशापुढे मी जात नाही, जुन्या एसएमपीएसवर तर मुळीच नाही.

३. वायर मोजा

कार्डाला मदरबोर्डच्या स्लॉटमधून जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात. त्यापुढे थेट एसएमपीएसकडून वायर लागते: ६ पिनची ७५ वॅट देते, ८ पिनची १५०. ऑफिसच्या पीसीत या वायर बहुधा नसतातच. मग स्लॉटवरच चालणारं कार्ड घ्यायचं.

यात आरटीएक्स ३०५० चं ६ जीबीचं मॉडेल मला सगळ्यात योग्य वाटतं. ते ७० वॅटमध्ये भागवतं. मात्र त्याच नावाचं ८ जीबीचं कार्ड १३० वॅटपर्यंत खातं आणि त्याला वेगळी वायर लागते, तेव्हा खोक्यावरचं नीट वाचा. जीटीएक्स १६५० सुद्धा चालेल, पण काही कंपन्या त्यावर ६ पिनचा सॉकेट देतात. फोटोत कार्डाची वरची कड बघून घ्या. आरएक्स ६४०० ला ५३ वॅट पुरतात, पण ते स्लॉटमधल्या डेटा वाहणाऱ्या मार्गिकांपैकी (लेन) चारच वापरतं, त्यामुळे जुन्या बोर्डावर त्याचा वेग मार खातो. कॅबिनेट अरुंद असेल तर लो-प्रोफाइल, म्हणजे कमी उंचीचं कार्ड शोधा आणि मॅन्युअलमध्ये स्लॉटची वॅट-मर्यादा तपासा. छोट्या पीसींत ती ७५ पेक्षा कमी असू शकते.

साटा अडॅप्टर वापरू नका

दुकानात साटा वायरीची (हार्ड डिस्कला वीज देणाऱ्या) ६ पिन करून देणारा अडॅप्टर हमखास पुढे केला जातो. साटा कनेक्टरमध्ये १२ व्होल्टच्या तीन पिन, प्रत्येकी दीड अँपिअरच्या. म्हणजे एकूण ५४ वॅट. त्यातून कार्ड ७५ ओढू लागलं की प्लास्टिक वितळतं. माझ्या मामेभावाच्या पीसीत अर्ध्या तासाच्या गेमनंतर जळका वास आला. उघडून बघितलं तर कनेक्टर तपकिरी आणि मऊ झाला होता. वेळीच प्लग काढला म्हणून निभावलं. कुणी कितीही खात्री दिली तरी हा अडॅप्टर घरात आणू नका.

४. मोठंच कार्ड हवं असेल तर

एसएमपीएस बदला. आरटीएक्स ४०६० स्वतः ११५ वॅट घेतं, पण एनव्हिडिया ५५० वॅटचा एसएमपीएस सुचवते. इथे ब्रँडेड पीसीची खरी अडचण येते. ९०२० च्या मदरबोर्डवर नेहमीचा २४ पिनचा सॉकेट नाही, ८ पिनचा आहे, म्हणून २४ ते ८ पिनचा अडॅप्टर वेगळा घ्यावा लागतो. इतर मॉडेलांत पिन वेगळ्या, कधी डब्याचा आकारच वेगळा. खरेदीआधी सॉकेटचा फोटो काढा, डबा टेपने मोजा, आणि कार्डासाठी मोकळी लांबीही.

जोडताना दोन गोष्टी सांभाळा. प्रोसेसरची वायर ४+४ पिनची असते, कार्डाची ६+२ ची. दोन्ही आठच्या दिसल्या तरी ध्रुव उलटे असतात, जोर लावून बसवू नका. आणि मॉड्युलर (वायर काढता-लावता येणाऱ्या) एसएमपीएसच्या वायर दुसऱ्या एसएमपीएसला लावू नका. एका बाजूला त्या नीट बसतात, पण आतली जोडणी वेगळी असू शकते.

५. बसवा

कॅबिनेटच्या धातूला हात लावून मग कार्ड स्लॉटमध्ये दाबा, 'टक्' आवाज आला पाहिजे. स्क्रू घट्ट करा. मॉनिटरची केबल आता कार्डाला लावा, मदरबोर्डला नाही.

घरी ६०० व्हीएचा यूपीएस असेल तर तो साधारण ३६० वॅटपर्यंतच तग धरतो, आणि त्यात मॉनिटरही आला. गेम चालू असताना वीज गेली की पीसी त्याच क्षणी बंद पडत असेल, तर दोष कार्डाचा समजण्याआधी यूपीएसचं लेबल वाचा.