इंग्लंडमध्ये पैसे अडकले तर गप्प बसू नका: डिपॉझिट, खरेदी, विमानाचं तिकीट आणि छोट्या दाव्यांचं कोर्ट

उन्हाळा संपत आला आणि लोकांच्या घरबदल्या सुरू झाल्या की मला ओळखीतून फोन येतात, ताई घरमालक डिपॉझिट देत नाहीये काय करू, आणि सगळं सांगून झाल्यावर शेवटचं वाक्य ठरलेलं असतं, जाऊ दे ना, उगीच भांडलो आणि व्हिसाला काही झालं तर? हे ऐकलं की मला खरंच वाईट वाटतं, कारण याच भीतीपोटी आपली कितीतरी पोरं हक्काचे पैसे सोडून देतात.

म्हणून सगळ्यात आधी हे सांगते. आपले पैसे मागणं, तक्रार करणं, ओम्बड्समनकडे (तक्रारींचा निवाडा करणाऱ्या स्वतंत्र संस्थेकडे) जाणं, दिवाणी कोर्टात दावा लावणं, यातल्या कशाचाही व्हिसाशी संबंध नाही. व्हिसाच्या फॉर्ममध्ये विचारतात ते तुमच्याविरुद्ध कोर्टाचा पैशांचा निकाल लागलाय का, तुम्ही कोणावर दावा केलाय का हे नाही. म्हणजे घाबरायचंच असेल तर न भरलेल्या बिलाला घाबरा, तक्रारीला नको.

खाली लिहिलंय ते सगळं इंग्लंडपुरतं आहे हं, स्कॉटलंडमध्ये घरांचे आणि कोर्टाचे नियम वेगळे आहेत.

घर घेताना

बुकिंगचे म्हणून एजंट जे पैसे घेतो ते जास्तीत जास्त एका आठवड्याच्या भाड्याइतके, आणि डिपॉझिट जास्तीत जास्त पाच आठवड्यांचं (वर्षाचं भाडं ५०,००० पाउंड किंवा जास्त असेल तर सहा आठवड्यांचं). आठवड्याचं भाडं काढताना महिन्याच्या भाड्याला चारने भागू नका, बाराने गुणा आणि ५२ ने भागा. १३०० पाउंड महिना असेल तर आठवड्याचे ३०० होतात, म्हणजे डिपॉझिट १५०० च्या वर मागताच येत नाही. ॲडमिन फी, रेफरन्स फी, चेक-इन फी, जाताना सक्तीची प्रोफेशनल क्लीनिंग फी, हे सगळं २०१९ च्या कायद्याने बंद झालंय. तरी कोणी मागितलं तर ईमेलवर विचारा की ही फी कुठल्या नियमाखाली घेताय. बरेचदा त्या एका ईमेलवरच ती फी गायब होते.

अजून एक. नवीन आलेल्या माणसाला इथला गॅरंटर (भाडं थकलं तर भरायची हमी घेणारा) नसतो म्हणून सहा सहा महिन्यांचं भाडं आगाऊ मागायची पद्धत होती, घरून कर्ज काढून लोकांनी ते भरलंय. १ मे २०२६ पासून नवीन करारात एका महिन्यापेक्षा जास्त आगाऊ भाडं घेता येत नाही आणि कारण न देता घर खाली करायला लावायची नोटीसही बंद. तारीख लक्षात ठेवायला सोपी, महाराष्ट्र दिन.

डिपॉझिट दिल्यावर ते घरमालकाच्या मर्जीवर राहात नाही. ३० दिवसांच्या आत सरकारमान्य तीन स्कीमपैकी एकीत त्याची नोंद करावी लागते, डिपॉझिट प्रोटेक्शन सर्व्हिस, मायडिपॉझिट्स किंवा टेनन्सी डिपॉझिट स्कीम, आणि त्याची माहिती तुम्हाला लेखी द्यावी लागते. ३१ व्या दिवशी स्वतः तिन्ही वेबसाइटवर जाऊन आपलं नाव शोधा, तिथे तशी सोय आहे. नोंद नसेल तर कोर्ट डिपॉझिट परत द्यायला लावू शकतं आणि वर डिपॉझिटच्या एक ते तीन पट दंड तुम्हाला मिळू शकतो. हा दावा मात्र साध्या पैशांच्या दाव्यासारखा नसतो, प्रक्रिया वेगळी आहे, त्यामुळे आधी शेल्टर किंवा सिटिझन्स ॲडव्हाइस या सल्ला देणाऱ्या संस्थांशी बोला, दोन्हीकडे सल्ला फुकट मिळतो. शेल्टरचा नंबर ०८०८ ८०० ४४४४.

एक मोठा अपवाद आहे आणि त्यात आपलेच लोक सापडतात. ओळखीच्या काकांच्या घरात एक खोली भाड्याने घेतलीत आणि काका-काकू त्याच घरात राहतात, तर तुम्ही कायद्याने लॉजर, आणि मग वरचा डिपॉझिट स्कीमचा नियम लागू होत नाही. काका चांगलेच असतील, पण तरी किती पैसे दिले, कशासाठी दिले, कधी परत मिळणार हे एका मेसेजमध्ये लिहून घ्या आणि पैसे बँकेतूनच द्या, रोख नको. आपल्या माणसाकडे लेखी मागायला लाज वाटते, मला पण वाटली होती, पण नंतर होणाऱ्या वाईटपणापेक्षा ती लाज परवडते.

हळदीचे डाग आणि पहिला दिवस

चावी मिळाली की बॅगा उघडायच्या आधी फोन काढा आणि सगळ्या घराचा व्हिडिओ करा. ओव्हनच्या आत, गादी उलटी करून, ओट्याचे कोपरे, एक्झॉस्टची जाळी, बाथरूमच्या फरशांमधल्या काळ्या रेषा, खिडकीच्या चौकटीवरची बुरशी, सगळं. एजंट इन्व्हेंटरी (घरातल्या वस्तू आणि त्यांच्या अवस्थेची यादी) पाठवतो, त्यावर हरकत घ्यायला साधारण आठवडा देतात, तो आठवडा फुकट घालवू नका. एकेक चूक लिहून फोटोसकट ईमेल करा. व्हॉट्सॲपवर पाठवलेले फोटो फोन बदलला की जाऊ शकतात, ईमेल राहतं.

आपल्या स्वयंपाकात तीन गोष्टी डिपॉझिट खातात. हळद, फोडणी आणि वाफ. पांढऱ्या लॅमिनेटच्या ओट्यावर हळदीचा हात लागला तर लगेच पुसा, रात्रभर राहिला की निघत नाही. फोडणीचं तेल एक्झॉस्टच्या जाळीत साचतं, ती जाळी निघते, दोन आठवड्यांतून एकदा गरम पाण्यात साबण घालून बुडवा. आणि कुकरची वाफ, त्यात हिवाळ्यात खोलीत वाळत घातलेले कपडे, यातून भिंतीला बुरशी धरते आणि मग घरमालक म्हणतो तुमच्या राहण्यामुळे झालं. बुरशी दिसली त्या दिवशीच फोटो काढून लेखी कळवा, कारण पाइप गळत असेल किंवा भिंतीतूनच ओल येत असेल तर ते त्याचं काम आहे, आणि तुम्ही कधी कळवलं हेच नंतर बघितलं जातं.

मसाल्याचा वास येतो म्हणून घर नाही असं कोणी म्हटलं तर तेही मुकाट्याने ऐकून घेऊ नका. केंटमधल्या एका मोठ्या घरमालकाने करीच्या वासाचं कारण सांगून भारतीय आणि पाकिस्तानी लोकांना घरं द्यायची नाहीत असं एजंटला कळवलं होतं, २०१७ मध्ये मेडस्टोनच्या कोर्टाने ते बेकायदेशीर ठरवून त्याच्यावर मनाई हुकूम काढला. वास हे कारण वापरून माणसं नाकारता येत नाहीत.

माझं स्वतःचं सांगते. पहिलं घर सोडलं तेव्हा एजंटने ६४० पाउंड कापायचे म्हणून यादी पाठवली, ओटा नवीन बसवायचा, कार्पेट धुवायचं, बाथरूमला रंग. ओट्यावर हळदीचा डाग माझाच होता, ते मी मान्य केलं. पण मी स्कीमकडे वाद नोंदवला, तो फुकट असतो, कोर्टाची गरज नाही, दोघांनी पुरावे द्यायचे आणि निवाडा करणारा कागद बघून ठरवतो. तिथे मला एक महत्त्वाची गोष्ट कळली, सिद्ध करायचं ओझं घरमालकावर असतं, भाडेकरूवर नाही, कारण डिपॉझिट मुळात भाडेकरूचंच असतं. दुसरी गोष्ट, जुन्या वस्तूच्या बदल्यात नवी कोरी वस्तू तुमच्या पैशाने घेता येत नाही, वस्तूचं वय वजा होतं, आणि रोजच्या वापराने होणारी झीज तर धरायचीच नसते. ओटा जुना होता आणि पहिल्या दिवशीच्या फोटोत त्याची कड फुगलेली दिसत होती. ओट्याचे थोडे पैसे गेले, बाकी सगळं परत आलं. तो पहिल्या दिवशीचा व्हिडिओ मी आळस करून काढला नसता तर माझ्याकडे बोलायला काही नव्हतं.

घर सोडल्यावर आधी स्वतः ईमेलने डिपॉझिट मागा, कापाकापी पटली नाही तर कुठली रक्कम मान्य आणि कुठली नाही ते वेगवेगळं लिहा, आणि वाद नोंदवायला तीन महिने उलटू देऊ नका.

वस्तू खराब निघाली तर

माझी आई मुंबई ग्राहक पंचायतीच्या संघात होती, महिन्याचं सामान वाटपाच्या दिवशी सगळ्या बायका एकत्र बसून एकेक पुडा तपासायच्या, त्यामुळे बिल जपणं आणि प्रश्न विचारणं हे घरातूनच आलंय. इथे तोच स्वभाव कामाला येतो.

दुकानातून घेतलेली वस्तू मुळातच खराब असेल तर ३० दिवसांत पूर्ण पैसे परत मागता येतात. दुकानदार म्हणेल कंपनीला फोन करा, तर ऐकू नका, कायद्याने जबाबदारी विकणाऱ्याची आहे. ३० दिवसांनंतर त्याला एकदा दुरुस्त करायची किंवा बदलून द्यायची संधी द्यावी लागते, तरी नीट झालं नाही तर पैसे, आणि पहिल्या सहा महिन्यांत दोष आधीपासूनच होता असं धरलं जातं. ऑनलाइन घेतलं असेल तर वस्तू हातात पडल्यापासून १४ दिवसांत कारण न देता रद्द करता येतं, फक्त मापाने शिवून घेतलेले कपडे वगैरे सोडून.

आणि क्रेडिट कार्ड. वस्तूची किंमत १०० पाउंडपेक्षा जास्त आणि ३०,००० पर्यंत असेल तर १९७४ च्या कायद्याच्या सेक्शन ७५ खाली कार्ड देणारी बँक सुद्धा दुकानदाराइतकीच जबाबदार असते, मग दुकान बुडालं तरी बँकेकडे मागता येतं. थोडेच पैसे कार्डवर दिले असले तरी चालतं. परदेशातल्या खरेदीलाही हे लागू आहे, म्हणजे इथल्या क्रेडिट कार्डवर दादरला घेतलेली पैठणी नकली निघाली तरी. फक्त एका साडीची किंमत १०० च्या वर पाहिजे, चार साड्यांची बेरीज करून नाही. डेबिट कार्ड असेल तर बँकेला चार्जबॅक (कार्डचा व्यवहार उलटवून पैसे परत) मागा, तो कायदा नाही, कार्ड कंपनीचा नियम आहे, आणि त्याला मुदत असते म्हणून लगेच मागा.

बँकेने नाही म्हटलं किंवा आठ आठवडे उत्तरच दिलं नाही तर फायनान्शियल ओम्बड्समन, फुकट. बँकेचं शेवटचं उत्तर आलं की मात्र सहा महिनेच हातात असतात. खरेदीबद्दल कुठलीही शंका असेल तर सिटिझन्स ॲडव्हाइसची ग्राहक हेल्पलाइन ०८०८ २२३ ११३३.

मुंबईचं विमान लेट झालं

लंडनहून मुंबईला चार तासांपेक्षा जास्त उशिरा पोचलात आणि कारण एअरलाइनच्या हातातलं होतं (हवामान किंवा एअर ट्रॅफिकचा संप नाही), तर माणशी ५२० पाउंड मिळतात, तीन ते चार तास उशीर असेल तर २६०. इथून सुटणाऱ्या विमानाला एअरलाइन कुठलीही असो, नियम लागू. मुंबईहून इकडे येताना मात्र एअरलाइन ब्रिटिश किंवा युरोपियन असेल तरच. दुबई किंवा दोहामार्गे एकाच बुकिंगवर निघालात आणि पुढचं विमान चुकलं तर मुंबईला किती उशिरा पोचलात ते धरतात, २०१७ मध्ये इथल्या कोर्ट ऑफ अपीलने तसं स्पष्ट केलंय. चार जणांचं कुटुंब असेल तर २०८० पाउंड होतात, आणि एअरलाइन देते काय तर विमानतळावर जेवणाचं कूपन. कूपन घ्या, तो वेगळा हक्क आहे, पण भरपाईच्या बदल्यात व्हाउचर घेतोय अशी सही करू नका. इंग्लंडमध्ये सहा वर्षांपर्यंत मागता येतं, त्यामुळे जुनी बोर्डिंग पास शोधून बघा. क्लेम करून देणाऱ्या कंपन्या मोठा हिस्सा कापून घेतात, एअरलाइनच्या वेबसाइटवरचा फॉर्म घरी बसून भरता येतो.

ओळखीच्या एजंटकडून तिकीट काढत असाल तर पैसे भरल्यावर लगेच खरं तिकीट किंवा एटॉल सर्टिफिकेट (एजंट बुडाला तर पैसे सुरक्षित ठेवणाऱ्या योजनेचं) मागा, नुसतं व्हॉट्सॲपवर बुकिंग झालं असा मेसेज पुरत नाही. आणि एजंटला कार्डने पैसे दिले तर सेक्शन ७५ चं संरक्षण अडचणीत येऊ शकतं कारण पैसे एअरलाइनला गेले नाहीत, एजंटला गेले.

होम ऑफिसचा फोन

फोन येतो, मी होम ऑफिसमधून (व्हिसा बघणारं सरकारी खातं) बोलतोय, तुमच्या व्हिसात चूक आहे, आत्ता दंड भरा नाहीतर डिपोर्ट करू. होम ऑफिस असे पैसे फोनवर मागत नाही, कधीच नाही. फोन ठेवा. बँकेचं नाव सांगून कोणी बोलत असेल तर ठेवून १५९ लावा, तिथून तुमच्या खऱ्या बँकेला जोडून देतात, बहुतेक मोठ्या बँका त्यात आहेत. फसवे मेसेज ७७२६ ला फॉरवर्ड करा. पैसे गेले असतील तर त्याच मिनिटाला बँकेला कळवा, लाज बाळगत संध्याकाळपर्यंत थांबू नका, शिकलेली सवरलेली माणसं यात फसलीत.

काहीच ऐकेनात तर कोर्ट

१०,००० पाउंडपर्यंतचा दावा छोट्या दाव्यांच्या कोर्टात जातो, वकील लागत नाही, सरकारी वेबसाइटवर फॉर्म भरता येतो. त्याआधी समोरच्याला एक पत्र पाठवायचं, काय झालं, किती पैसे, कशाच्या आधारावर, आणि १४ दिवसांत दिले नाहीत तर दावा लावणार. राग काढू नका त्यात, तारखा आणि रकमा लिहा, एक पान पुरे. कित्येकदा प्रकरण या पत्रावरच मिटतं.

नाही मिटलं तर दावा लावा. फी दाव्याच्या रकमेप्रमाणे, जिंकलात तर ती सहसा समोरच्याने द्यायची. समोरच्याने दावा नाकारला तर मे २०२४ पासून आधी तासाभराची फोनवरची मध्यस्थी सक्तीची आहे, फुकट, दोघं एकमेकांशी बोलत नाहीत, मध्यस्थ आळीपाळीने दोघांना फोन करतो. त्या दिवशी शांत खोली, समोर कागद, आणि किती रकमेवर तोडगा मान्य हे आधीच ठरवून बसा. इंग्रजी अडखळलं तर अडखळू दे, हळू बोला म्हणून सांगता येतं. तिथेही नाही जमलं तर जजसमोर सुनावणी, तीही साध्या खोलीत टेबलाभोवती होऊ शकते. निकाल लागल्यावर समोरच्याने महिन्याच्या आत पैसे भरले नाहीत तर त्याचं नाव कोर्टाच्या रजिस्टरमध्ये सहा वर्षं राहतं आणि त्याला कर्ज मिळणं अवघड होतं, वसुलीसाठी बेलिफ (कोर्टाचा वसुली अधिकारी) पाठवता येतो तो वेगळाच.