होळीच्या आत बाल्कनीतली बाग तयार करा (खास ठाणे-नवी मुंबईवाल्यांसाठी)

वसंतात बागेची काय कामं करायची हे नेटवर शोधलं की बरीचशी माहिती दिल्लीकडची नाहीतर थेट परदेशातली निघते, आणि ते वेळापत्रक आपल्याकडे अजिबात चालत नाही. तिकडे थंडी सरली की झाडांना वाढायला निवांत वेळ मिळतो. आपल्याकडे ठाण्यात काय किंवा वाशी-नेरूळ-खारघरला काय, जानेवारीच्या शेवटी पहाटेचा गारवा कमी होतो आणि मार्चमध्ये दुपारी गॅलरीच्या लादीवर अनवाणी पाय ठेववत नाही. म्हणजे हातात मोजून महिना-दीड महिना. त्यामुळे मी तरी सगळ्यांना हेच सांगते की आपल्याकडे वसंताची तयारी म्हणजे उन्हाळ्याची तयारी. येऊरच्या बाजूला काटेसावर आणि पांगारा फुललेला दिसला की कात्री बाहेर काढायची आणि छाटणी, कुंड्या बदलणं, माती हलवणं हे सगळं होळीच्या आत उरकायचं. होळी उशिरा असेल तरी मार्चच्या पहिल्या आठवड्यापुढे ढकलू नका. मुळांना हात लागतो असं कुठलंही काम कडक उन्हात केलं की नवीन मुळं धरायच्या आधीच पानांतून पाणी उडून जातं आणि झाड मान टाकतं.

सगळ्यात आधी एक सुट्टीचा दिवस फक्त ऊन बघण्यात घालवा. सकाळी नऊ, दुपारी बारा, तीन आणि पाच वाजता गॅलरीचा फोटो काढा. फ्लॅटमधल्या बागेत हे खूप महत्त्वाचं आहे पण याबद्दल फार कोणी बोलत नाही. संक्रांतीनंतर सूर्य उत्तरेकडे सरकत जातो आणि मेच्या मध्यावर आपल्याकडे दुपारी बरोबर डोक्यावर येतो. त्यामुळे ज्यांची गॅलरी दक्षिणेला आहे त्यांना डिसेंबरमध्ये पार हॉलपर्यंत ऊन येतं आणि एप्रिल-मेमध्ये जेमतेम कठड्यावर, मग "मोगरा थंडीत छान होता, आता कळ्याच नाहीत" अशी तक्रार सुरू होते. तिथे ऊन लागणारी झाडं कठड्याच्या अगदी जवळ आणा. पश्चिमेची गॅलरी असेल तर उलट, दुपारी दोनपासून संध्याकाळपर्यंत भट्टी. तिथे अडेनियम, बोगनवेल, जास्वंद पुढे ठेवा आणि मनीप्लांट, फर्न, कॅलेथिया वगैरे मंडळी आतल्या भिंतीला. पूर्वेची गॅलरी ज्यांना मिळाली आहे त्यांचं बरंचसं काम सूर्यच करून टाकतो.

आता छाटणी. मोगऱ्यापासून सुरुवात करा कारण त्याचा सीझन आला आहे आणि तो नीट छाटला तर फरक डोळ्यांना दिसतो. जानेवारीच्या शेवटी, फार तर फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात आठ-दहा दिवस त्याचं पाणी कमी करायचं, बंद नाही, कमी. मग जुनी, डागाळलेली पानं हाताने ओरबाडून न काढता एकेक करून खुडायची, वाळक्या आणि आत गुंतलेल्या काड्या मुळापासून काढायच्या आणि उरलेल्या फांद्या साधारण एक तृतीयांश कमी करायच्या. कापताना पानांची जोडी जिथून निघते त्या पेराच्या जरा वर, तिरका काप. मग वरची दोन इंच माती खुरप्याने हलकेच मोकळी करून मूठ-दीड मूठ गांडूळखत, थोडी निंबोळी पेंड, आणि भरपूर पाणी. दोन-तीन आठवड्यांत प्रत्येक पेरातून दोन-दोन कोंब निघतात, आणि मोगऱ्याची कळी या नव्या कोंबाच्याच टोकाला येते, म्हणून हा सगळा खटाटोप. पहिला बहर ओसरला की फुलांच्या खालची पानांची जोडी बघून तिच्या वर पुन्हा टोक खुडायचं, असं केलं तर पाऊस येईपर्यंत बहर येत राहतात. ऊन मात्र पाच-सहा तास हवंच, ते नसेल तर खत कितीही घाला, नुसती पानंच येणार.

जास्वंदही एक तृतीयांश छाटा. गुलाबाची मोठी छाटणी आपल्याकडे ऑक्टोबरात होते, आता फक्त सुकलेली फुलं आणि बारीक काड्या काढा, जास्त हात लावू नका. कढीपत्त्याचा शेंडा बिनधास्त खुडा, बाजूने फुटवे येतात आणि झाड उंच काठीसारखं न होता भरगच्च होतं. तुळशीच्या मंजिऱ्या काढत राहा, बिया धरल्या की तुळस दमते. शेवंतीचा बहर संपला असेल तर फांद्या खाली कापून बुंध्याशी आलेली पिल्लं सावलीत सांभाळून ठेवा, पुढच्या वर्षीची रोपं त्यातूनच होतात.

कुंडी बदलायची का हे ओळखायला दोन खुणा: खालच्या भोकातून मुळं बाहेर आलीत, किंवा पाणी घातल्या घातल्या खालून धो धो बाहेर येतं. ही दुसरी खूण जरा नीट बघा. आपल्या नर्सऱ्यांमधून जी लाल माती मिळते ती नुसती वापरली की वाळून विटेसारखी घट्ट होते आणि आक्रसून कुंडीच्या कडेपासून सुटते. मग तुम्ही वरून ओतलेलं पाणी त्या फटीतून सरळ खाली जातं, ट्रे भरतो, आपल्याला वाटतं झाडाला पोटभर पाणी मिळालं, आणि मधला मुळांचा गोळा आतून कोरडा ठणठणीत असतो. पाणी घालूनही झाड सुकतंय असं वाटलं तर आधी हेच तपासा. तात्पुरता उपाय म्हणजे कुंडी बादलीभर पाण्यात बुडवून बुडबुडे यायचे थांबेपर्यंत ठेवायची, मग बाहेर काढून निथळू द्यायची. कायमचा उपाय म्हणजे माती बदलणं.

कुंडी बदलायच्या आदल्या दिवशी पाणी घाला म्हणजे गोळा न फुटता निघतो. बाहेर काढल्यावर गोल गोल गुंडाळलेली मुळं बोटांनी मोकळी करा, काळी पडलेली, मऊ झालेली कापून टाका, आणि एकच साइज मोठी कुंडी घ्या. छोट्या रोपाला एकदम मोठी कुंडी दिली की न वापरलेली माती ओलीच राहते आणि मुळं कुजतात. तळाच्या भोकावर फुटक्या कुंडीची खापरी पालथी ठेवा. मिश्रण मी असं करते: चार भाग लाल माती, तीन भाग गांडूळखत किंवा चांगलं कुजलेलं शेणखत, तीन भाग कोकोपीट (नारळाच्या सोडणाचा भुसा), आणि बारा इंची कुंडीला एक मूठ निंबोळी पेंड. कोकोपीटची वीट आधी भिजवून एकदा धुऊन घ्या, त्यात कधी कधी क्षार असतात. आणि कोकोपीट वरून कोरडं दिसतं पण खाली ओलं असतं, त्यामुळे नुसतं बघून पाणी घालू नका, बोट दोन पेरं आत घालून बघा. कुंडी बदललेलं झाड चार-पाच दिवस सावलीत, आणि दोन-तीन आठवडे वेगळं खत अजिबात नाही.

ही कामं करतानाच पानं पुसून घ्या, खासकरून घोडबंदर रोडच्या आसपास किंवा जिथे बांधकामं चालू आहेत तिथे राहणाऱ्यांनी. पानावर धुळीचा थर बसला की ऊन पोचत नाही आणि कीड लपायला जागा मिळते. ओल्या फडक्याने दोन्ही बाजूंनी पुसा. पुसताना पानाच्या बेचक्यात पांढरा कापसासारखा पुंजका दिसला तर तो मिलीबग, आणि ऊन वाढलं की जास्वंदीवर तो हमखास येतो. फांदीवर मुंग्यांची रांग दिसली की वर बघा, मिलीबगचा गोड चिकटा खायला त्या येतात आणि किडीची राखणही करतात. जुन्या टूथब्रशने घासून काढा, फार भरलेलं टोक कापून पिशवीत बंद करून टाका, मग एक लिटर पाण्यात पाच मिली नीम तेल आणि भांडी घासायच्या लिक्विडचे दोन-चार थेंब, नीट घुसळून संध्याकाळी फवारा. उन्हात फवारलं की पानं भाजतात. सात दिवसांनी पुन्हा, असं तीनदा तरी करा, कारण अंड्यातून नवी पिल्लं निघत राहतात.

भाजी लावायची असेल तर टोमॅटोचा नाद आता सोडा. मार्चच्या गरमीत त्याची फुलं गळतात, त्याला दिवाळीनंतरचा सीझन बरा. आता भेंडी, गवार, चवळी, काकडी, दोडका, कारलं. भेंडी तर नवीन माणसालाही जमते: बी रात्रभर भिजवायचं, बारा इंची ग्रोबॅगमध्ये थेट पेरायचं, आठवड्याभरात उगवतं, आणि पन्नासेक दिवसांत भेंड्या सुरू. एक दिवसाआड तोडा, नाहीतर जून होतात आणि झाड पुढची फुलं कमी करतं. चार माणसांच्या भाजीला दोन रोपं पुरणार नाहीत, सात-आठ तरी लावा. वेलांना अठरा इंची बॅग आणि खिडकीचं ग्रिल. वरच्या मजल्यांवर मधमाश्या फार येत नाहीत म्हणून फळ धरलं नाही की हाताने परागीकरण करायचं. मागे छोटं फळ दिसतं ती मादी, नुसत्या देठावरचं ते नर, नर फूल तोडून मादी फुलाच्या मधोमध हलकेच टेकवायचं. काकडी आणि कारल्याला सकाळी, दोडक्याला मात्र संध्याकाळी, कारण त्याची फुलं संध्याकाळीच उमलतात. कोथिंबीर-पालक अर्ध्या सावलीत थोडं थोडं. आणि पेरल्यावर कबुतरांसाठी जाळी लावा, ती कोंब उपटतात, रोप वीतभर होईपर्यंत जाळी काढू नका.

कुंडीतली माती झाकायला आच्छादन विकत आणायची गरज नाही. याच दिवसांत सोसायटीतल्या आणि सिडकोच्या जुन्या कॉलन्यांतल्या देशी बदामाची लालभडक पानं खाली पडतात, झाडू मारणाऱ्या मावशींना सांगून ठेवलंत तर गोणीभर मिळतात. चुरून कुंडीत दोन इंचांचा थर द्या, फक्त खोडाला चिकटवू नका. पाणी बरंच कमी लागतं, आणि पावसाळ्यापर्यंत त्याचंच खत होतं. शहाळीवाल्याकडून सोडणं आणलीत तर तीही चालतात, आधी दोन दिवस भिजवून ते तपकिरी पाणी फेकून द्या.

मार्चच्या मध्यापासून पश्चिमेला पन्नास टक्क्यांची, म्हणजे अर्धं ऊन अडवणारी, हिरवी शेडनेट बांधा, पानांपासून एक-दोन फूट लांब. काळ्या प्लॅस्टिकच्या कुंड्या तापून मुळं शिजवतात, त्यांना बाहेरून जुनं गोणपाट गुंडाळा किंवा मोठ्या कुंडीच्या सावलीत सरकवा. लादीवर थेट न ठेवता विटांवर ठेवा. पाणी सकाळी आठच्या आत, एप्रिलपासून लहान कुंड्यांना संध्याकाळीही. आणि ट्रेमधलं पाणी दर दोन-तीन दिवसांनी ओतून टाका, डासाच्या अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात, आपल्या ट्रेमुळे शेजारच्या घरात डेंग्यू जायला नको. खालच्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर पाणी ठिबकणार नाही हेही बघा आणि कठड्याच्या बाहेर लोंबती कुंडी कधीच नको, ओल्या मातीचं वजन खूप असतं.

आता मेमध्ये गावाला जाणाऱ्यांसाठी. निघायच्या आठवडाभर आधी सगळ्या कुंड्या सावलीच्या कोपऱ्यात एकमेकांना खेटून ठेवा, तेवढ्याने माती बरीच हळू वाळते. चार-पाच दिवसांचा प्रश्न असेल तर झाकलेली बादली स्टुलावर उंच ठेवून त्यातून जाड सुती दोरी प्रत्येक कुंडीच्या मातीत दोन-तीन इंच खोचा, दोरी आधी पूर्ण भिजवून घ्या. आणि हे जायच्या आधी दोन दिवस घरी असताना लावून बघा, म्हणजे कुठल्या कुंडीला दोन दोऱ्या लागतात ते कळतं. जास्त दिवस असेल तर शेजाऱ्यांकडे किल्ली द्या आणि "सगळ्यांना पाणी घाला" एवढंच सांगू नका. अडेनियम आणि कोरफडीला आठवड्यातून एकदाच, भेंडी-मोगऱ्याला रोज, असं प्रत्येक कुंडीवर खडूने लिहून ठेवा.