पहिलीच्या वर्गात पुस्तकांचा कोपरा

आधी कपाटाचा विचार सोडा. वर्गात, पोरांच्या छातीएवढ्या उंचीवर सुतळी ताणा आणि पुस्तकं चिमट्यांनी लटकवा, मुखपृष्ठ समोर. वाचता न येणारं मूल चित्र बघूनच पुस्तक निवडतं.

सुरुवातीला मुलामागे २ पुस्तकं पुरतात. पातळ, पानावर एक-दोनच ओळी असलेली घ्या. नॅशनल बुक ट्रस्ट, प्रथम बुक्स यांची परवडतात. प्रथमच्या ‘स्टोरीवीवर’ या वेबसाइटवरून मराठी गोष्टी फुकट उतरवून छापता येतात. १९७१ पासून निघणारं बालभारतीचं ‘किशोर’ मासिक मोठ्या वर्गांसाठी ठेवा, पहिलीला जड जातं.

नोंदवही पोरांकडेच सोपवा. नावासमोर पुस्तकाचा नंबर, बस्स. पान फाटलं तर दंड अजिबात नको! दंडाच्या भीतीनं पोरं पुस्तकाला हात लावायची थांबतात, हे मी बघितलंय. ज्याच्याकडून फाटलं त्यालाच शेजारी बसवून डिंकानं चिकटवा. पुढं तोच पुस्तक जपतो.

आणि आपला कोल्हापूरचा पाऊस! जून ते सप्टेंबर रोज शाळा सुटताना पुस्तकं उतरवून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, सोबत वेखंडाचे तुकडे टाका. ऊन पडलं की ओसरीवर उघडी पसरा. पसरायला पोरांनाच घ्या, तिथंच वाचत बसतात.