कन्व्हेयरच्या देखभालीचा खर्च कसा कमी करावा

नाशिक परिसरात अंबड, सातपूर, सिन्नर किंवा गोंदे येथील कारखान्यांत कन्व्हेयरच्या, म्हणजे माल वाहून नेणाऱ्या फिरत्या पट्ट्याच्या, देखभालीचे बिल वाढले की पहिला विचार स्वस्त पट्टा आणि स्वस्त बेअरिंग आणण्याचा होतो. माझा अनुभव वेगळा आहे. कन्व्हेयरवरचे पैसे सुट्या भागाच्या किमतीत जेवढे जातात, त्याहून जास्त तोच भाग वर्षातून चार वेळा बदलण्यात जातात. म्हणून भाग बदलण्याआधी तो का गेला हे शोधण्याची सवय लावून घेणे, हाच खर्च कमी करण्याचा खात्रीचा मार्ग आहे, आणि पुढील पायऱ्या त्याच क्रमाने दिल्या आहेत.

पहिली पायरी : जागेसकट नोंद

शंभर पानी वही पुरते. प्रत्येक बंद पडण्याची तारीख, वेळ, कन्व्हेयरचा क्रमांक, नेमकी जागा, केलेले काम आणि वाया गेलेली मिनिटे तिच्यात लिहावीत. 'रोलर बदलला' या नोंदीचा काही उपयोग नाही. सांगाड्यावर रंगाने रोलरचे क्रमांक टाकून 'कन्व्हेयर ३, परतीचा रोलर १४' (परतीचा म्हणजे खालून रिकाम्या परत येणाऱ्या पट्ट्याचा) असे लिहिले, तर तीन महिन्यांत एकच जागा पुन्हा पुन्हा वर येते आणि दोष रोलरमध्ये नसून त्या जागेत आहे हे उघड होते. भागाच्या किमतीशेजारी थांबलेल्या उत्पादनाची आणि बसून राहिलेल्या माणसांची किंमतही लिहावी, कारण मालकाला किंवा व्यवस्थापकाला पटते ते याच आकड्याने.

दुसरी पायरी : कुलूप

हात लावण्याआधी मुख्य स्विच बंद करून त्याला कुलूप लावावे, किल्ली काम करणाऱ्याच्याच खिशात असावी आणि स्विचवर पाटी टांगावी. चढत्या कन्व्हेयरवरचा माल पट्ट्याला मागे ओढतो, आणि ताणासाठी टांगलेले वजन वीज बंद केल्यावरही धोकादायक असते. हे दोन्ही आधी अडवून घ्यावेत. धावत्या पट्ट्यावरचा चिकटलेला माल हाताने किंवा सळईने काढण्याची सवय तर एका दिवसात मोडून काढावी.

तिसरी पायरी : माल पडतो ती जागा आणि परतीची बाजू

पट्ट्याचे निम्मे आयुष्य माल पडतो त्या जागी ठरते, असे मी मानतो. माल उंचावरून, आडवा किंवा एका कडेला पडत असेल, तर कितीही महाग पट्टा आणला तरी तो लवकर चिरतो आणि एका बाजूला सरकतो. माल मधोमध आणि शक्यतो पट्ट्याच्याच दिशेने व वेगाने पडेल अशी पत्र्याची घसरण (शूट) करून घेण्याला जवळच्या फॅब्रिकेशनवाल्याकडे फारसा खर्च येत नाही. माल सांडू नये म्हणून कडेला लावलेल्या स्कर्ट रबराच्या जागी जुन्या पट्ट्याचे तुकडे लावण्याची पद्धत मात्र सोडून द्यावी, कारण त्या तुकड्यांतील कापडात खडे रुततात आणि नवा पट्टा लांबीभर घासला जातो.

पुढच्या ड्रमवरचा (टोकाच्या मोठ्या रोलरवरचा) स्क्रॅपर, म्हणजे पट्टा खरवडणारी पट्टी, झिजला की चिकटलेला माल पट्ट्याबरोबर परत येतो आणि परतीच्या रोलरवर थर धरतो. त्या थरामुळे रोलर एका जागी जाड, एका जागी बारीक होतो आणि पट्टा हलू लागतो. जाम झालेला रोलर याहून वाईट. पट्टा त्याच्यावरून घासत राहतो, रोलरची नळी एका बाजूने कागदासारखी पातळ होते आणि शेवटी फाटते. ती कड सुरीसारखी असते. काही शे रुपयांचा रोलर वेळेवर काढला नाही, म्हणून संपूर्ण पट्टा लांबीभर कापला गेलेला मी पाहिला आहे. आठवड्यातून एकदा सुरक्षित अंतरावरून चालत जाऊन न फिरणाऱ्या रोलरसमोर सांगाड्यावर खडूची खूण करावी आणि साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी ते बदलावेत.

चौथी पायरी : सरकणारा पट्टा

येथे सर्वांत जास्त वेळ वाया जातो, म्हणून जरा सविस्तर लिहितो. पट्टा सरकला की मागच्या ड्रमचा एका बाजूचा स्क्रू आवळायचा, ही सगळीकडची रीत आहे. अंबडमधील एका शेडमध्ये आम्ही हेच जवळजवळ दोन महिने करत होतो. स्क्रू वाकला, त्या बाजूचे बेअरिंग दोनदा गेले, पट्टा मात्र सरकतच राहिला. शेवटी पट्टा थांबवून जोडावर गुण्या धरला, तेव्हा जोड काटकोनात कापलेलाच नव्हता असे दिसले. नवा जोड घातल्यावर त्रास त्याच दिवशी संपला.

तेव्हापासून मी आधी एक प्रश्न विचारतो : पट्ट्याचा एकच भाग सर्व ठिकाणी सरकतो, की सारा पट्टा एकाच ठिकाणी सरकतो? पट्ट्याचा ठरावीक भागच सगळीकडे बाहेर येत असेल तर दोष पट्ट्यात किंवा जोडात असतो. सारा पट्टा एकाच ठिकाणी बाहेर येत असेल तर दोष तिथल्या किंवा त्याच्या थोड्या आधीच्या रोलरमध्ये किंवा सांगाड्यात असतो. पट्ट्यावर खडूने आडवी रेघ मारून चार-पाच फेऱ्या पाहिल्या तरी हे कळते. रोलर जुळवताना एक नियम लक्षात ठेवावा : पट्टा रोलरच्या ज्या टोकाला आधी टेकतो, त्या टोकाकडे सरकतो. त्यामुळे बिघाडाच्या जागेच्या थोडे आधीचे रोलर एका टोकाने पुढे-मागे अगदी थोडेसे सरकवावेत, पट्ट्याच्या काही फेऱ्या होऊ द्याव्यात आणि मगच पुढचा बदल करावा. त्याआधी सांगाडा सरळ आहे का, हे दोरा आणि पाणसाळ लावून तपासावे.

ताणाबद्दलही हेच. भरल्या मालासह सुरू करताना पट्टा ड्रमवर घसरणार नाही इतकाच ताण द्यावा. बॉल बेअरिंगवरचा भार दुप्पट झाला की त्याचे हिशेबी आयुष्य आठव्या हिश्श्यावर येते, म्हणून ‘असू दे थोडा जास्त’ म्हणून दिलेला ताण सर्वांत महागात पडतो.

पाचवी पायरी : ग्रीस, गिअरबॉक्स आणि चेन

ग्रीस जितके जास्त तितके चांगले, हा समज बेअरिंगचा जीव घेतो. कोंबून भरलेले ग्रीस घुसळले जाऊन तापते आणि सील बाहेर ढकलते. ग्रीस भरण्याचे निप्पल पुसून, ठरलेल्या मापाने आणि एकाच प्रकारचे ग्रीस वापरावे, कारण दोन वेगळ्या जातींचे ग्रीस एकत्र आले तर ते पातळ होऊन वाहून जाऊ शकते. सीलबंद रोलरना ग्रीस लागत नाही. त्यांच्यावर हवेची नळी मारून धूळ उडवू नये, कारण ती धूळ सीलच्या आत जाते.

गिअरबॉक्सचे ऑइल सील वारंवार गळत असेल तर सील बदलण्याआधी वरचा ब्रीदर (हवा ये-जा करण्याचे बूच) काढून पाहावा. तो धुळीने किंवा रंगाने बुजला असेल तर आतला दाब वाढून तेल सीलमधून वाट काढते. तेल दुधाळ दिसले तर आत पाणी गेले आहे असे समजावे.

चेनसाठी डोळ्यांवर विसंबू नये. अर्धा इंच पिचच्या (दोन पिनांमधल्या अंतराच्या) चेनच्या २० कड्या ताणून मोजल्या तर नवी चेन २५४ मिमी भरते. हे माप सुमारे २५९ मिमी झाले, म्हणजे २ टक्के वाढ झाली, की चेन बदलावी. हुकासारखे वाकडे दात झालेल्या स्प्रॉकेटवर (चेनच्या दातेरी चाकावर) नवी चेन चढवली तर तीही लवकर जाते. मोटर कोणत्या भारावर किती अॅम्पिअर घेते, ते सर्व नीट असतानाच क्लॅम्प मीटरने मोजून वहीत लिहून ठेवावे. पुढे त्याच भारावर आकडा वाढला की कुठेतरी घासत आहे.

सहावी पायरी : नाशिकचे हंगाम

गोंदे-इगतपुरीकडच्या कारखान्यांनी पावसाआधी, मे महिन्यातच छप्पर, मोटरच्या जोडपेट्या आणि उघडे बेअरिंग तपासून घ्यावेत. पिंपळगाव बसवंत, दिंडोरी, मोहाडी भागातील द्राक्ष पॅकहाउसचे गणित वेगळे आहे. जानेवारी ते एप्रिल या काळात एक तासही थांबणे परवडत नाही, म्हणून त्यांची मोठी दुरुस्ती नोव्हेंबरमध्येच संपायला हवी. तिथे धुताना पाण्याचा झोत थेट बेअरिंगवर मारू नये. प्रीकूलिंगच्या (द्राक्षे आधी गार करण्याच्या) थंड खोलीत प्लॅस्टिकच्या जोडपट्ट्यांचा पट्टा घ्यायचा असेल तर पॉलिप्रॉपिलीन टाळून पॉलिएथिलीनबद्दल विचारावे, कारण शून्य अंशाच्या आसपास पॉलिप्रॉपिलीन ठिसूळ होते. असे पट्टे गरम-थंड होताना लांबी बदलतात, म्हणून परतीच्या बाजूला दिलेली झोळ ढिलाई समजून ताणून टाकू नये.

हंगामापूर्वी कपाटात पट्ट्याच्या जोडाचे एक संच, दोन-तीन रोलर, वहीत सर्वाधिक वेळा आलेल्या क्रमांकाची बेअरिंग आणि चेनची एक जोडकडी एवढे तरी असावे. बेअरिंग अधिकृत विक्रेत्याकडूनच आणि बिलासह घ्यावे, आणि बसवल्याची तारीख रोलरच्या क्रमांकापुढे त्याच दिवशी लिहावी.